उलट्या फर्म्यांची कादंबरी

त्या सकाळी वारा असा सुटला होता, की खळ ढवळावी तोवर तिच्यावर साय धरत होती. पुठ्ठे वाळत घालावेत तर ते पापडासारखे वाकडे होत होते. खळमावशीनं खिडकीला वीट लावली, पातेल्यात पाण्याचा हबका मारला आणि वाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तिला सगळे खळमावशीच म्हणत. वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवायचं काम ती घरातल्या पुढच्या खोलीत करायची आणि तिच्या कोपरांना बारा महिने खळ चिकटलेली असायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. बाकीचे दिवस खोलीत दोघीच, ती आणि सासूबाई.

या दोघींचं पहिली सहा वर्षं विळ्याभोपळ्याएवढं सख्य. मग एकदा वाचनालयातून एका अंतराळगाथेचा पहिला भाग शिवायला आला. तारे, जादूगार, उडती गलबतं, आणि त्यात एका हाताची लोखंडी कप्तानीण. पुस्तक नेमकं रंगात आलेल्या पानावर फाटलेलं. पुढं काय झालं असेल यावरून सासू-सुना पहिल्यांदा तासभर न भांडता बोलल्या. पुढचे आठ भाग दोघींनी मिळून वाचले, आणि त्या बाईचा हात कसा गेला याचे एकवीस अंदाज बांधून ठेवले.

आता दहावा भाग आला होता, आणि त्यातली गोष्ट पहिल्याच्याही आधीची. कप्तानिणीचं तरुणपण, हात गेल्याची हकिकत, सगळं त्यात होतं. सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्यापुढं आधीपासूनच धुकं. रविवारी धाकटा मुलगा त्यांना आपल्या घरी न्यायला येणार होता, कायमचं. त्याच्याकडे लिफ्ट होती, ऊन येणारी खोली होती. सासूबाईंनी एवढीच अट घातली होती, की हे पुस्तक सूनबाईनं वाचून संपवलं की मी निघाले.

खळमावशीला त्या जायला नको होत्या. पण ‘राहा’ हा शब्द तिनं अठरा वर्षांत सासूला उद्देशून वापरला नव्हता, तो आता जिभेवर येईना.

त्यात पुस्तक निघालं अगदी अळणी. पहिल्या बत्तीस पानांत कप्तानीण पाळण्यात, शाळेत, मग मालधक्क्यावर कारकून. करवसुलीची सभाच अकरा पानं चालली. सासूबाईंनी तीन जांभया देऊन निकाल लावला. शेवट आपल्याला ठाऊकच आहे, मग ही कशी मोठी झाली त्याची एवढी दळणं कशाला? माझं गाठोडं बांध, शनिवारीच जाते.

तेवढ्यात पुस्तकाची पाठच सुटली. नवं कोरं पुस्तक, पण दोरा असा कच्चा की फर्मे सुटे होऊन वाऱ्यानं खोलीभर पसरले. सोळा-सोळा पानांचे वीस फर्मे. खळमावशीनं ते पकडून ढीग केला आणि ओळीत लावायला घेतले, तर सासूबाईंनी हात पुढं केला. “जुळवणी माझी,” त्या म्हणाल्या. घरच्या या कामात चाळीस वर्षं त्यांनीच फर्मे जुळवले होते, मग आता पट्टी होती म्हणून काय झालं? सुनेनं पहिल्यापासून एकेक फर्मा हातात द्यायचा, त्यांनी थप्पी लावायची. आणि सासूबाईंची थप्पी तपासायची नाही, हा घरातला कायदा. खळमावशीनं ती उचलली आणि वरून खाली शिवून टाकली.

दुपारी दोघी बसल्या. सासूबाईंनी फर्मान काढलं, की दोन फर्मे झालेत, तिसऱ्यापासून वाच, आवडलं नाही तर गाठोडं. खळमावशीनं दोन फर्मे मोजून पुस्तक उघडलं. वर अर्ध्याच वाक्याचं शेपूट होतं आणि पानाचा आकडा होता दोनशे त्र्याहत्तर.

फर्मा पालथा ठेवायचा, त्यावर पुढचा पालथा, म्हणजे शेवटी थप्पी उलटली की पहिला वर येतो. डोळे असताना सासूबाई हे बघून करत. आता पट्टीमुळं सगळे सुलटे पडले होते. सगळं पुस्तक शेवटाकडून सुरुवातीकडे लागलं होतं.

खळमावशीला सांगायचं होतं. पण चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेल्या बाईला ते कसं सांगायचं? तिनं घसा खाकरला आणि शेपटापासून वाचायला सुरुवात केली.

आणि काय सांगावं, सासूबाई उठून बसल्या. कप्तानीण एका हातानं गलबत वळवतेय, आणि हात कधी गेला? सख्ख्या भावाला तिनं तुरुंगात का टाकलंय? पुढच्या फर्म्यात भाऊ पळतोय, त्याच्या पुढच्यात दोघं एका ताटात जेवताहेत. दर सोळा पानांनी सासूबाईंचा हात सुनेच्या गुडघ्यावर आपटायचा. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी दुपारी खळमावशीनं नवा फर्मा उघडला, तर कप्तानीण दोन्ही हातांनी दोर ओढत होती.

“अगं, हात उगवला की हिला,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचे ओठ आवळले. “हे पान किती?”

“एकशे त्र्याण्णव.”

“आणि मघाशी संपलं ते?”

“दोनशे चोवीस.”

सासूबाईंची बोटं हवेतच थप्पी लावून बघू लागली. मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं, पट्टी हलेपर्यंत. सूनही हसली, दोघींच्या डोळ्यांना पाणी.

“पट्टीवाल्या डोळ्याला हसवू नकोस, मेले,” सासूबाई म्हणाल्या. “चूक माझी. पण त्या लेखकानं हीच चूक आधी करायला हवी होती. आता पुढं वाच. हात कशानं गेला?”

गेला तो मालधक्क्याच्या दारात चेंगरून. एकवीस अंदाजांपैकी एकाही अंदाजाइतकं शूर काही नव्हतं. सासूबाईंनी लेखकाला यथेच्छ शिव्या दिल्या आणि पुढचा फर्मा मागितला.

त्याच वेळी धाकटा दारात उभा राहिला, खाली गाडी चालू. वहिनी, सामान कुठंय, म्हणाला. सासूबाईंनी त्याच्याकडे मान वळवली नाही. आमची कप्तानीण अजून पुरती लहान व्हायचीय, एवढंच त्याला सांगितलं. तो वहिनीकडे बघू लागला.

खळमावशीनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं. कोपराची खळ सुकून ओढत होती.

“आई,” ती म्हणाली, “राहा.”

“आलं एकदाचं तोंडातून,” सासूबाई म्हणाल्या, आणि धाकट्याला गाडी बंद करून चहाला बसायला सांगितलं.

उद्या पुस्तक उसवून सुलट शिवायचं होतं, वाचनालयाला सरळ हवं असतं. धाकट्याच्या हातात कप देऊन खळमावशी पातेल्याकडे वळली. खळीवर पुन्हा साय धरली होती. तिनं पाण्याचा हबका मारला आणि ढवळायला घेतलं.