नजमाभाभीचं मागचं कवाड

सूड वाईट, असं म्हणणाऱ्यांनी मागच्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नजमाभाभीच्या अंगणात उभं राहायला हवं होतं. मी उभा होतो, म्हणून सांगतो.

मी नथ्थू. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो, तेव्हा मी विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगतो. उन्हाळ्यात वनखात्याच्या रोजीवर जंगलात वणव्यावर राखण करतो. दोन्ही कामांत माणूस कुणाला दिसत नाही, आणि मला त्याची सवय झाली होती.

नजमाभाभी वडशाची. तिचा नवरा रफीकभाई नाटकांचे कपडे शिवतो, राजाचा अंगरखा आणि हवालदाराची वर्दी एकाच मशीनवर. भाभी घरच्या कॉम्प्युटरवर नाटकं टाइप करते. लेखक वहीत लिहून आणतो, भाभी ते उतरवते आणि प्रत्येक नटाची वेगळी नक्कल काढते, म्हणजे त्याची वाक्यं आणि त्याआधीच्या माणसाचे शेवटचे चार शब्द. नक्कल चुकली तर नट हजार माणसांसमोर तोंडघशी पडतो. भाभीची नक्कल कधी चुकली नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. हंगामाआधी नाटक कुणाच्या कानावर जाता कामा नये, आणि दहा वर्षांत तिच्या घरातून एक ओळ बाहेर गेली नव्हती. तिची सारी पत या एका गोष्टीवर उभी होती.

मागच्या दिवाळीत ती पत गेली. धनराज म्हणजे आमच्याकडचा नावाजलेला लेखक, स्वतःची मंडळी चालवणारा. त्याचं नवं नाटक त्याच्याआधी डोमा नावाच्या दुसऱ्या मालकाच्या मंडळीने भाऊबीजेच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, करून टाकलं. पात्रांची नावं तेवढी बदललेली, बाकी विनोदांसकट जसंच्या तसं. पत्रकावर लेखक म्हणून नाव होतं मिथुनचं. हा मिथुन मोहल्ल्यात केबलवरून इंटरनेट देतो. त्याने जन्मात चार ओळींचं पत्र लिहिलं नसेल. "मले सुचलं," असं म्हणून तो दात काढून हसायचा.

दुसऱ्या दिवशी धनराज भाभीच्या अंगणात आला तो ओरडतच. "मिथुनले काऊन देलं माहं नाटक? तुह्या घराले कवाडच नाई का, बाई?" सारा मोहल्ला गोळा झाला. भाभी एवढंच म्हणत होती, "भाऊ, वही पेटीत होती, पेटीले कुलूप होतं, चाबी माह्या गळ्यात हाय." तिने गळ्यातली किल्ली काढून दाखवलीसुद्धा. धनराजने ती बघितली नाही. मी दहा वर्षं तिच्या हातची नक्कल धरून पोट भरलेलं. मला माहीत होतं की ही बाई असं करणार नाही. तरी मी चपलेने माती उकरत गप्प राहिलो. कारण पुढच्या आठवड्यात धनराजच्या मंडळीत माझं काम होतं. झालं, सांगितलं.

त्यानंतर तिच्याकडे एकही वही आली नाही. हंगाम सरला, शिमगा झाला, मी जंगलात गेलो.

मे महिन्याच्या अखेरीला परतलो तेव्हा पिशवीभर टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, घेऊन तिच्याकडे गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण नुसती पिशवी पुढे केली. भाभीने तो विषयच काढला नाही. ती कॉम्प्युटरसमोर बसली होती, मोबाइलवर हिंदीत कुणीतरी काहीतरी शिकवत होतं.

"या नथ्थूभाऊ. सहा महिने झाले, एकच गोस्ट शिकून राह्यली. याले फायरवॉल म्हनते. वायरनं जो कोनी येते, त्याले हे दारात पुसते, तुले बोलावलं का? बोलावलं असन तं आत, नाई तं तिथूनच वापस. आपली बंदच होती. मिथुननं नेट लावून देलं, तवाच बंद करून गेला."

"आता?"

"आता चालू केली. पन मन मानत नाई. काईतरी राह्यलं हाय."

तिचं बोलणं मला एका क्षणात कळलं. उन्हाळ्याआधी आम्ही जंगलात रुंद पट्टा झाडून, पाला जाळून मोकळा करतो. तिला जाळरेषा म्हणतात. वणवा येतो, त्या पट्ट्यापर्यंत पोचतो आणि खायला काही नाही म्हणून मरतो. पण मी वीस उन्हाळे ते काम केलंय. रेषा पक्की असली तरी आग पलीकडे जाते, आणि दर वेळी कारण एकच निघतं. आपल्याच माणसांनी मोहफुलाला जायची पायवाट म्हणून एक पट्टी न झाडता ठेवलेली असते. मी विचारलं, "भाभी, रेषेत कुठी पाला सुटला का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग एक यादी उघडली. फायरवॉल चालू असतानाही कुणाकुणाला आत सोडायचं, त्यांची नावं त्यात होती, आणि प्रत्येक नावासमोर एक चौकोन. एका चौकोनात टिक होती, फाइल आणि प्रिंटर शेअरिंग.

"हे मीच ठेवलं," ती हळूच म्हणाली. "मिथुन म्हने, भाभी, ही टिक काढू नोका, नाई तं प्रिंटर मरते. मले नकलाइची काळजी. म्या कधी हातच लावला नाई."

आम्ही दोघांनी प्रिंटरकडे पाहिलं. त्याची हातभर वायर सरळ कॉम्प्युटरच्या पाठीत गेलेली. भाभीने टिक काढली आणि रफीकभाईच्या मापांचा एक कागद छापायला दिला. प्रिंटर खरखरला आणि टिक नसतानाही कागद बाहेर आला.

भाभीचा चेहरा मी तेव्हा पाहिला, पुन्हा कधी बघायची इच्छा नाही. साऱ्या मोहल्ल्याचे कॉम्प्युटर मिथुनच्या एकाच वायरच्या जाळ्यात. त्याचं दुकानही त्याच जाळ्यात. फायरवॉल बंद आणि ही वाट उघडी, म्हणजे तो आपल्या खुर्चीत चहा पीत तिचं नाटकांचं फोल्डर चाळत होता. पेटीला कुलूप, किल्ली गळ्यात, आणि मागचं कवाड सताड.

मी म्हणालो, "चला, धनराजभाऊले दाखवू."

"काय दाखवू? टिक? त्याले टिक समजते का?" भाभीने तीच टिक पुन्हा चौकोनात ठेवली. "त्याले नाटक समजते."

आणि तिने नाटक लिहिलं. मी म्हणालो, भाभी, तुम्ही कधी लिहिलं नाही. ती म्हणाली, "दहा वर्स दुसऱ्याचं उतरवलं, टाळी कुठी पडते ते मले ठाऊक नाई का?" वीस दिवसांत तीन अंक झाले. फाइलला नाव दिलं 'धनराजचं नवीन नाटक'. आपल्या फोल्डरमध्ये आत्ता कोण शिरलंय हे दाखवणारी एक खिडकी कॉम्प्युटरमध्ये असते, ती उघडून भाभी रोज भाजी निवडत बसायची. चौथ्या दिवशी दुपारी तिथे मिथुनच्या दुकानाच्या कॉम्प्युटरचं नाव उमटलं.

"आला," ती म्हणाली. पिंजऱ्यात उंदीर पडल्यावर बाईमाणूस जेवढ्या शांतपणे उठतं, तेवढ्या शांतपणे उठली, तासाभराने टिक कायमची काढली आणि भात टाकला.

पोळ्याआधी डोमाच्या मंडळीत नव्या नाटकाचं वाचन असतं. डोमाचे दोन नियम आहेत. वाचनाला दार लावायचं नाही, येईल त्याने बसावं. आणि नारळ फुटल्यावर वाचन मध्येच थांबवायचं नाही, थांबलं तर हंगाम बुडतो. त्याच्या मंडळीतही विंगेत मीच असतो, म्हणून वाचायचंही मीच. त्या दिवशी धनराजला मी स्वतः घेऊन आलो. "तुमचं नवीन नाटक वाचून राह्यले," असं धडधडीत खोटं सांगितलं. रफीकभाई मापं घ्यायच्या निमित्ताने आला, भाभी त्याच्या शेजारी बसली. पुढे, हार घालून, लेखक मिथुन.

दोन अंक सुरेख गेले. डोमाने मांडीवर थाप मारली. मिथुनने पहिल्या पानावरचं नाव बदललं होतं, पहिला अंक चाळला असेल, पुढे वाचायचे कष्ट घेतले नव्हते. तिसऱ्या अंकात खलपुरुष रंगनाथ पकडला जातो आणि कबुली देतो. मी घसा साफ केला.

"'रंगनाथ माझं खोटं नाव. माझं खरं नाव मिथुन. वहिनी, ईदच्या दिवशी नेट लावायला तुमच्या घरी आलो, दोन वाट्या शीरखुर्मा खाल्ला. तुम्ही तिसरी वाटी आणायला आत गेलात, तेवढ्यात तुमची फायरवॉल बंद केली. वर सांगितलं, ही टिक काढू नका, प्रिंटर मरतो.'"

आधी कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं. मिथुन उठला. "थांबवा हे! बंद करा!"

"नारळ फुटला हाय," डोमा म्हणाला. "खाली बस."

मी पुढे वाचलं. सावकाश, एकेक विराम पाळून, इतकं सुंदर मी आयुष्यात वाचलं नव्हतं. धनराजचं नाटक कसं उचललं, नावं कशी बदलली, एका बाईला अंगणात शिव्या पडत असताना तो दुकानात कसा हसत होता, सगळं. शेवटच्या पानाच्या तळाशी छापलं होतं, लेखिका नजमा रफीक शेख. तेही वाचलं. मिथुन तोवर हार तिथेच टाकून निघून गेला होता.

धनराज दुसऱ्या दिवशी तिच्या घरी आला. आत बसून बोलू म्हणाला. भाभीने दारातच अडवलं. "अंगनात बोलले होते, अंगनातच बोला. तेवढ्याच आवाजात." तो बोलला. मोहल्ला पुन्हा गोळा झाला होता. मग तिने चहा ठेवला.

डोमाला नाटक करायचंच होतं. फक्त खलपुरुषाचं खरं नाव बदलू, म्हणाला. भाभी म्हणाली, "बाकी काई बी बदला. नाव राहीन."

मग मिथुनची आई वच्छलाबाई आली. पोराची सोयरीक जुळत आली होती. "नाव काढ माय, तुह्या पाया पडतो." भाभीने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, माहं नाव गावभर झालं तवा तुमी शेजारीच होत्या." वच्छलाबाईने पाण्याला हात लावला नाही आणि उठून गेली. मला तिची कीव आली. मी म्हणालो, भाभी, म्हातारीकडे बघून तरी बदला.

"नथ्थूभाऊ, तवा तुमी अंगनात येक शब्द बोलले असते, तं आज म्या तुमचं आयकलं असतं."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

यंदा नाटक जोरात आहे. मिथुनची सोयरीक मोडली, तो माजरीकडे कामाला गेला म्हणतात. भाभीकडे वह्यांचा ढीग लागलाय. आणि मी विंगेत असतो. तिसऱ्या अंकात नट त्या वाक्यापाशी येतो, नाव विसरला की मी सांगतो. विसरला नाही तरी सांगतो, शेवटच्या रांगेत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.