दोन गप्प भोंगे

आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. दिघोरीला आमचं बुद्धविहार आणि हनुमानाचं देऊळ एकाच पटांगणावर, समोरासमोर. नेमका त्याच दिवशी देवळात सप्ताहाचा काला. आदल्या वर्षी भोंग्यावरून दोन्हीकडची पोरं हातघाईवर आली होती, त्यामुळे लग्न धड पार पडतं की नाही, याची बाबांना काळजी होती.

मी शाळेत मराठी शिकवते, तेव्हा तोंड काही आवरत नाही. सकाळीच बाबांना म्हटलं, "सहिष्णुता ठेवा." वर शब्दाची कुळकथाही ऐकवली. संस्कृतातला 'सह्' धातू, म्हणजे सोसणं. सोसण्याचा ज्याचा स्वभाव, तो सहिष्णू.

बाबा भडकले. "सोसाचं काम आपल्या बापजाद्यायनं लय केलं. तो शब्द तुह्या शाळेतच ठेव."

खरं तर मलाही तो शब्द कधी आवडला नव्हता. दाढदुखी सोसावी तसं माणसांनी एकमेकांना सोसायचं, यात कसला आलाय मोठेपणा?

लग्नाची वेळ झाली आणि देवळातला भोंगा एकदम बंद झाला. काला सुरू होत असेल, तो होऊन जाऊ द्या, म्हणून बाबांनी आमचाही बंद करायला लावला. मग दोन्हीकडे सामसूम. नवरीला घाम फुटला, वरपक्ष घड्याळं बघू लागला. बाबांना वाटलं, झालं, आता काठ्या निघतात.

शेवटी सप्ताहाचे पुढारी पटांगण ओलांडून आले. तलावात जाळं टाकणारे आमचे शेजारचे काकाच ते. बाबा हात जोडून उभे राहिले.

"काहून गा भाऊ, पोरीचं लगन लावता का नाई? तुमची वंदना होऊन जाऊ दे म्हून आमी भोंगा बंद करून बसून राहिलो. काला झाल्याबिगर कोनी जेवत नाई, सारे उपाशी हायेत!"

"अगा, आमी तं तुमच्यासाठी थांबलो!"

अख्खा मांडव हसला. मी तर हसता हसता रडले. इतकं हायसं मला माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

पंचशील झालं, हार पडले. पंगत बसणार तोच बाबांनी वाढप्यांना थांबवलं. देवळातली हंडी अजून फुटली नव्हती. वऱ्हाडी कुरकुरले.

"आपल्यासाठी कोनी सोसलं, हे मी आज पयल्यांदा पाहिलं," बाबा म्हणाले. "त्यायच्या तोंडात काला पडू द्या. तोवर तुमीही सोसा थोडं."