कोपरा फाडलेलं कार्ड

राग माझ्या नाकावर कायमचा मुक्कामाला असतो. आई म्हणायची, हा पोटात असतानासुद्धा लाथाच मारायचा. अशा माणसाने भयकथांचं मासिक काढलं नसतं तरच नवल. दिवसा मी जळगावात एका शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणजे बहुतेक वेळ पोरांच्या पाठीवर फूटपट्ट्या मोडायचो, आणि संध्याकाळी घरी बसून गळे चिरायचो. कागदावर.

तेव्हा घरोघरी टीव्ही येऊ लागले होते आणि भाड्याने पुस्तकं देणारी वाचनालयं एकेक करून बंद पडत होती. त्यांची जुनी पॉकेटबुकं रद्दीत जायची. मुखपृष्ठावर हिरव्या चेहऱ्याची बाई, मागे जळकं घर, हातात सुरा, असली. ती जिवापाड जमवणारी माणसं खानदेशभर पसरलेली होती, आणि आमचं मासिक त्यांच्यासाठी होतं. कुठल्या आवृत्तीवर कुठलं चित्र होतं, कुणाकडे काय आहे, याची माहिती आणि सोबत त्याच जुन्या धाटणीची माझी एक नवी रक्तबंबाळ कथा. चित्रंही मीच काढायचो.

वाचक आमचे भित्रे नव्हते, हे आधीच सांगतो. धुळ्यात एका रद्दीवाल्याकडे आमच्या दोन वर्गणीदारांनी एकच पुस्तक दोन्हीकडून धरलं. पुस्तक फाटू नये म्हणून ओढाओढ कुणी केली नाही. एकाने मोकळ्या हाताने दुसऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला आणि त्याचा पुढचा दात पाडला. दुसऱ्याने पुस्तक सोडलं नाही. मुखपृष्ठावर रक्त सांडू नये म्हणून मान वळवून बाजूला थुंकला आणि मग पहिल्याच्या पोटात गुडघा घातला. मी तिथेच उभा होतो. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

छपाई धुळ्याला व्हायची. माझा भागीदार तिथे छापखाना चालवायचा. एरवी लग्नपत्रिका, आणि लग्नं नसली की आम्ही. माणूस हौशी. अंक कसा गाजेल याच्या कल्पना त्याला झोपेतही सुचायच्या आणि त्या तो मला न विचारता अमलात आणायचा.

आमच्या सगळ्या वाचकांत मला जवळचा होता तो असोद्याचा केळीवाला. माझ्याच वयाचा. पुस्तकं पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचा. अंक वाचून झाला की मोटारसायकलवर जळगावला यायचा आणि माझी खरडपट्टी काढायचा.

"मास्तर, तुमची मानसं लय लवकर मरता," तो एकदा म्हणाला. "एक घाव का खलास. खरं मारनं असं नसते. ते वरसानुवरसं चालते."

मी चिडलो. तुला काय ठाऊक, असं विचारलं. तेव्हा त्याने बहिणीचं सांगितलं. ती जामनेरला दिली होती. नवरा मारायचा, हाताला येईल त्याने. एकदा पंपाच्या पट्ट्याने मारलं, त्याचे वळ उन्हाळाभर गेले नाहीत. ती असोद्याला पळून यायची आणि प्रत्येक वेळी तिचे वडील, ज्यांना सारं गाव आबा म्हणायचं, तिला नवं लुगडं नेसवून परत पोचवायचे.

"आण ना तिला घरी! भाऊ आहेस का कोण आहेस?" मी ओरडलो.

"आबापुढे माही काय चालते?" तो म्हणाला. "पन मास्तर, एक दिवस तिची खबरच येईन. घरात समद्यायले माहीत हाये. बोलत कोनी नही."

त्यानंतर काही दिवसांनी भागीदाराच्या डोक्यातून नवी कल्पना निघाली. नव्या अंकाची जाहिरात त्याने साध्या पोस्टकार्डावर छापली आणि प्रत्येक कार्डाचा एक कोपरा फाडून ती टपालात टाकली.

आमच्याकडे मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. हल्लीच्या पोरांना हे ठाऊक नसेल. असं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत आणि पुरतं वाचतही नाहीत. कोपरा दिसला की रडारड सुरू होते आणि पत्र फाडून बाहेरच टाकून देतात. भागीदाराने वर छापलं होतं, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की', आणि खाली, 'आमच्या नव्या अंकात एकही पात्र शेवटपर्यंत जिवंत राहत नाही.' मला हे कळलं ते कार्ड माझ्या घरी येऊन पडलं तेव्हा. बायकोने हंबरडा फोडला, तिच्या आईच्या नावाने. मी दुसरी ओळ वाचून दाखवली तेव्हा तिने लाटणं फेकून मारलं, आणि ते मला लागलंही.

दोन-तीन दिवसांनी मी वर्गात फळ्यावर फुलदाणी काढत होतो. असोद्याचा केळीवाला दार ढकलून आत आला, माझी गचांडी धरली आणि मला फळ्यावरच्या फुलदाणीवर आपटलं. मी उठलो तर कानशिलात दिली. मी पण त्याच्या नाकावर एक लगावली. पोरं बाकांवर चढली. काहींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्याच्यासाठी होत्या, याबद्दल मला शंका नाही.

मग त्याचा जोर एकदम ओसरला. तो पहिल्या बाकावर बसला आणि नाकातलं रक्त पुसत सगळं सांगू लागला. मी पोरांना मैदानावर पिटाळलं.

कार्ड आलं तेव्हा तो सावद्याला केळी भरायला गेला होता. पोस्टमनने कार्ड आबांच्या हातात दिलं. आबांनी फाटका कोपरा पाहिला, पहिली ओळ वाचली आणि कार्डाचे तुकडे केले. कोण गेलं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. त्या घरात मरण्याजोगं एकच माणूस होतं. आईची दातखीळ बसली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं झालं. जिला कुणी चार दिवस ठेवून घेतलं नव्हतं, तिच्या नावाने सगळी आळी ऊर बडवू लागली. आबांनी भाऊबंद गोळा केले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कुऱ्हाडीचे दांडे टाकले आणि जामनेर गाठलं.

जावई जेवत होता. आबांनी त्याला काही विचारलं नाही. पहिला दांडा ताटावर पडला, दुसरा त्याच्या जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला म्हणे. त्याच्या भावाला ओट्यावरून खाली फेकलं. रांजण, कपाट, खिडक्या, काही शिल्लक ठेवलं नाही. सासू मध्ये पडली तर तिलाही ढकललं. प्रेत कुठे आहे, असं ओरडत आबा मागच्या खोलीकडे गेले. दाराला बाहेरून कडी होती.

आत ती जिवंत होती. गोणपाटावर पडलेली, उजवा हात कोपराखाली मोडून सुजलेला. आदल्या दिवशी मोडला होता आणि डॉक्टरकडे नेलं नव्हतं. बापाला पाहून ती म्हणाली, "आबा, मी घरी येते म्हनली नव्हती." तिला वाटलं, बाप मारायला आला.

"म्हणजे जीव वाचला की तिचा," मी म्हणालो. "मग मला का मारलंस?"

"सावद्याहून आलो तं आय जमिनीवर पडेल व्हती. तवापासून धड बोलत नही ती," तो म्हणाला. "ते तिच्यासाठी." मग खाली बघत पुढे बोलला, "मास्तर, तिले घरी आनली, पन रविवारी बैठक हाये. जामनेरवाले म्हनता, कार्ड खोटं व्हतं, तं मारहान बी नाहक झाली. माफी मागा, पोरगी धाडा. आबा वाकी राह्यले, हो म्हनतीन. तुम्ही या अन् सांगा का असं कार्ड तुम्ही धाडलंच नही. म्हंजे ते मयताचंच पत्र ठरीन, आबाची चूक नही."

त्या आठवड्यात मी धुळ्याला जाऊन भागीदाराच्या कानाखाली जाळ काढला. तो गाल चोळत म्हणाला, "पन कार्ड भारी व्हतं ना, भो!" मी दुसऱ्याही कानाखाली काढला.

रविवारी असोद्याला ओसरीवर दोन्हीकडची माणसं बसली होती. जावयाचा जबडा फडक्याने बांधलेला. त्याच्या काकाने खिशातून आमचं कार्ड काढलं. जामनेरच्याच एका वर्गणीदाराकडून आणलं होतं. "मास्तर, हे तुमचंच ना?"

केळीवाला माझ्याकडे बघत होता. नाही म्हणायचं ठरवूनच मी आलो होतो. पण त्या कार्डावर मासिकाचं नाव ठळक होतं, आणि काकाचा तो शांत आवाज ऐकून माझं डोकं फिरलं.

"आमचंच," मी म्हणालो. "जाहिरात आहे. पण तिचा हात कुठल्या जाहिरातीने मोडला, ते सांगा ना! दाराला बाहेरून कडी काय मी घातली होती?"

"मास्तर, तुम्ही बाहेरचे," एक म्हातारा म्हणाला. मी उठून जावयाकडे धावलो. चौघांनी मला धरून खाली बसवलं, आणि त्यात सदऱ्याची बाही गेली.

"म्हनजे कार्ड खोटंच," आबा म्हणाले. "आमची चूक झाली. पोरगी जिती हाये, तं तिनं नांदावं."

मी आयुष्यभर खुनांच्या गोष्टी लिहिल्या. यापेक्षा थंड वाक्य मला एकदाही सुचलं नाही. केळीवाला भिंतीवर डोकं आपटू लागला.

तेवढ्यात ती बाहेर आली. हात प्लास्टरमध्ये, डोक्यावर पदर नाही. इतक्या माणसांसमोर ती तशी कधी आली नसेल. ती फक्त बापाशी बोलली.

"आबा, तुम्ही मले न्यायले आले नव्हते. माह्यं मयत न्यायले आले व्हते. जिती व्हती, जवा जवा आली, तवा तवा तुम्ही परत धाडलं. मेली म्हनून घरी आनली. तं आता मेलीच समजा. मयत कोनी नांदायले धाडत नही."

ती आत गेली. काका काहीतरी म्हणू लागला, त्याला कुणी साथ दिली नाही.

आबा उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. खांबाला धरून आतल्या बायकांना हाक मारून म्हणाले, "आंघोळीले पानी ठेवा."

मयताहून आल्यावर आंघोळ करतात. जामनेरची माणसं ते ऐकून एकेक करून उठली आणि चपला घालू लागली.