काजाची डबी

धाकटी तशी मनाने वाईट नव्हती. पण माणसाच्या हातून एखादी गोष्ट अशी घडते, की पुढे आरशातसुद्धा नजर वर करवत नाही. तिच्या हातून घडलेली गोष्ट पत्र्याच्या एका डबीत मावत होती.

डबीत होतं काज करायचं यंत्र, मुठीएवढं. आई ज्या शिंपीमास्तरांकडे कामाला जायची, त्यांनी दुकान मोडताना तिला दिलेलं. स्क्रूने आईच्या शिलाई मशीनला बसवायचं, चाक फिरवायचं, अर्ध्या मिनिटात काज तयार. आई गेली तेव्हा वडील म्हणाले, "मशीन थोरलीला. तिच्या हाताला शिवण आहे." मग माझ्या हाताला काय काटे आहेत? धाकटीचं डोकं फिरलं, आणि त्या तिरमिरीत तिने डबी उचलून आपल्या ट्रंकेच्या तळाशी घातली. चार दिवस शोधू दे, मग देऊ, एवढाच विचार. चार दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष. नंतर द्यायची तरी कुठल्या तोंडाने?

थोरलीने लोकांचे शर्ट शिवून संसार ओढला. एका शर्टाला सात काजं, सगळी हाताने. बोटं वाकली, डोळे अधू झाले. डबीबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही. विचारलं असतं तर दिली असती की, अशी धाकटी स्वतःची समजूत घालायची. खोटं कशाला बोला, तिलाही ते पटत नव्हतं.

पंचवीस वर्षांनी थोरली टेम्पोत मशीन घालून धाकटीच्या दारात आली. माणसांनी ते आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

"मला आता सुईचं नाक दिसत नाही," थोरली म्हणाली. "तुझ्याकडेच असू दे." मग बराच वेळ चष्मा पुसत बसली. "एक सांगायचं राहिलंय गं. आईची काजाची डबी माझ्याकडून हरवली. सगळं घर पालथं घातलं. तुला सांगायची छातीच झाली नाही. म्हणशील, आईची एवढीशी वस्तू हिला सांभाळता आली नाही. इतकी वर्षं तुझ्यापासून तोंड लपवतेय मी."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठून आत गेली, ट्रंक उघडली आणि डबी आणून बहिणीच्या हातात ठेवली.

थोरलीने ती चाचपली. "अगंबाई, ही कुठे होती?"

माझ्या ट्रंकेत. दोनच शब्द होते.

"मशीनच्या खणात," धाकटी म्हणाली. "मागे अडकली होती."

"दहा वेळा उपसला असेल तो खण," थोरली हसत डोळे पुसू लागली. "मी म्हणजे जन्माची वेंधळी."

मग तिने हट्टच धरला, आत्ताच्या आत्ता लावून बघू. धाकटीने यंत्र बसवलं, कापडाचा तुकडा घातला, चाक फिरवलं. अर्ध्या मिनिटात काज झालं. थोरलीने त्यावरून आपलं वाकडं बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा.

"तू होतीस म्हणून सापडली गं," ती म्हणाली.

धाकटीने मान खाली घातली आणि दुसरं काज करायला घेतलं.