बाबांना लागलेला मासा

माशांसाठीच्या रबरी आमिषांची डबी उघडली की उग्र वास येतो आणि मला बेडोकच्या तलावावरची ती संध्याकाळ आठवते. सासूबाई गेल्यावर सासरे पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला आले होते. हाक मारली की जेवायला यायचे, पण बोलायचे नाहीत, रडलेही नव्हते. मी तेव्हा नुकतीच गळानं बास जातीचे मासे पकडायला शिकत होते, म्हणून एकदा त्यांनाही बरोबर नेलं. पाऊस पडून गेल्यानं धक्क्याच्या फळ्या ओल्या होत्या, पलीकडच्या फ्लॅट्समध्ये दिवे लागत होते. "बाबा, जरा धरता का?" म्हणून मी गळ टाकलेला रॉड त्यांच्या हातात दिला, आणि तेवढ्यात दोरीला जोराचा हिसका बसला. दोघांनी मिळून ओढलं, तर हिरवा-पिवळा, शेपटीवर डोळ्यासारखा काळा ठिपका असलेला मासा! बाबा मागे वळून ओरडले, "अगं, बघितलंस का!" मागे कुणीच नव्हतं. ते तिथेच मटकन बसले आणि हमसून हमसून रडले. मी मासा पाण्यात सोडला आणि त्यांच्याशेजारी बसले. अंधार पडेपर्यंत ते सासूबाईंबद्दलच बोलत राहिले. पुढे मला याहून मोठे मासे लागले, पण मनातून आभार मानते ते अजूनही त्या एकाचेच.