कडं की गाठ

संघरत्ना नेमकं काय करते, याला अंजूरच्या बौद्धवाड्यात ज्याला सुचेल तसं उत्तर मिळे. कोणी म्हणे औषधं बनवते, कोणी म्हणे रक्त तपासते. तिचे वडील नागसेन भिवंडीच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. ते मात्र छाती फुगवून सांगत, "रेणूला गाठ मारते माझी पोरगी." ऐकणारा मान डोलवी आणि विषय बदली.

पण नागसेन सांगत ते खरंच होतं. एका संशोधन संस्थेत संघरत्ना पीएच.डी. करत होती. अणूंच्या लांब साखळीची गाठ बांधायची, हे तिचं काम. तिथे बोटं पोचत नाहीत, चिमटा पोचत नाही. म्हणून साखळीतच तीन जागा अशा ठेवायच्या की त्या धातूच्या एका कणाला घट्ट धरतील. धातू टाकला की साखळी आपणहून त्याच्याभोवती वळसे घेते, स्वतःलाच तीनदा ओलांडते. मग दोन्ही मोकळी टोकं जोडायची आणि धातू काढून घ्यायचा. टोकंच उरली नाहीत, तर गाठ सुटणार कुठून?

ऐकायला सोपं. साखळीचा आराखडा करण्यात सात महिने गेले आणि ती प्रत्यक्ष बनवण्यात सव्वा वर्ष. चौदा पायऱ्यांचं काम. तेराव्या पायरीवर दोनदा सगळं काळंठिक्कर पडलं आणि तिने पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

मार्चमध्ये एके दिवशी रेणूचं वजन करणाऱ्या यंत्राने हवा होता तोच आकडा दाखवला. तिचे मार्गदर्शक नरेंद्र सर म्हणाले, "आकडा छान आहे. पण बाकीच्या तपासण्या होऊ देत." दुसरं वाक्य तिच्या कानात शिरलंच नाही. तिने वडिलांना फोन लावला. नागसेन विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी. संध्याकाळपर्यंत पुढच्या रविवारचा सत्कार ठरला आणि दुसऱ्या दिवशी फाट्यावर तिच्या फोटोचा बॅनरही झळकला.

सोमवारी आई कलावती वालाच्या शेंगा सोलत बसली होती. कलावती दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये, गिऱ्हाइकांकडून परत आलेला माल तपासायच्या कामावर होती. संघरत्ना शेजारी बसून शेंगा सोलू लागली.

"गाठ पडली ती तुला दिसली का गं?" कलावतीने विचारलं.

"दिसत नाही आई. वजन केलं. यायला पाहिजे तेवढंच आलं."

"आणि गाठ न पडता नुसतीच टोकं जुळली असती, तर वजन कमी भरलं असतं?"

संघरत्नाचा हात थांबला. "नाही. तेवढंच भरलं असतं."

"मग गं? आमच्याकडं परत आलेला माल नुसत्या वजनावर घेत न्हाय. मोबाइलच्या खोक्यात साबणाच्या वड्या भरून पाठवतात लोकं. काट्यावर फरक दिसत न्हाय. खोलूनच बघाय लागतं. तुमच्यात खोलून बघायचं काय हाय का न्हाय?"

"तुला त्यातलं कळत नाही, आई," संघरत्ना फटकन बोलून गेली.

कलावतीने पुढची शेंग घेतली. पण संघरत्नाला आईचं बोलणं लागलं, कारण खोलून बघायची सोय होती. रेणूतला कुठला अणू कशाजवळ बसलाय हे सांगणाऱ्या एका यंत्राचा आलेख तिने मागच्याच आठवड्यात काढला होता. गाठीचा आलेख गजबजलेला यायला हवा. हा अगदी साधा, सुटसुटीत आला होता. नमुना कमी पडला असेल, अशी स्वतःची समजूत घालून तिने तो खणात ठेवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी उरलेली साखळी घेऊन तिने धातू न घालताच टोकं जोडली. धातू नाही म्हणजे वळसे नाहीत. होणार ते साधं कडंच. गुरुवारी त्या कड्याचा आलेख तिने आपल्या 'गाठी'च्या आलेखावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरला. रेघेला रेघ जुळली. दीड-दोन वर्षं खपून तिने एक कडं बनवलं होतं.

नरेंद्र सरांनी दोन्ही कागद पाहिले. "तापमान जास्त झालं. टोकं जुळायच्या आधीच साखळी धातूवरून सुटली. होतं असं. कुठे छापायला पाठवलं नाहीस ना?"

"छापायला नाही सर. पण बॅनर लागलाय."

घरी नागसेनांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढं बारीक कोणाला कळतंय? रविवार होऊन जाऊ दे. पुढेमागे गाठ पडेलच की."

"पप्पा, ब्रेक न बघता तुम्ही कधी गाडी फिट म्हणून सही केलीत?"

"गाडीत माणसं बसतात. तुझ्या रेणूत कोण बसलंय?"

"मी बसलेय, पप्पा."

रविवारी विहार भरला होता. त्रिसरण-पंचशील झालं आणि कोणी काही बोलायच्या आत संघरत्नाने माइक घेतला. "जय भीम. मी जे झालं म्हणून सांगितलं, ते झालेलं नाही. आईने विचारलं म्हणून मी नीट तपासलं. चूक माझी आहे, पप्पांची नाही." पहिल्या रांगेतल्या रंगूबाई, वाड्यातल्या सगळ्यांत थोरल्या, मोठ्याने म्हणाल्या, "मंग ही शाल द्यायची का न्हाय?"

हशा पिकला. नागसेन उठले. त्यांचा चेहरा उतरला होता, आवाज मात्र शाबूत होता. "शाल राहू दे. खीर झालीय, सगळ्यांनी जेवून जायचं." एवढं बोलून ते वाढायला लागले.

चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी चहा पिता पिता, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कितीवर तापवत होतीस?"

"साठ."

"आणि न तापवता?"

"टोकं जुळायला फार वेळ लागतो."

"लागू दे की. कोणाची खोटी होतेय का?"

सरांचंही म्हणणं तेच होतं. पण साखळी संपली होती. ती पुन्हा बनवण्यात पावसाळा गेला. या वेळी तिने द्रावण पातळ ठेवलं, तापवलं नाही, आणि सहा तासांच्या जागी सहा दिवस दिले. हाती आलं त्यात शंभरातले एक्क्याण्णव भाग नुसती कडीच होती. उरलेल्या नऊंचा आलेख इतका गजबजला की तो वाचायला तिला आठवडा लागला. त्याचे स्फटिक दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेले आणि नोव्हेंबरात क्ष-किरणांनी टिपलेलं चित्र आलं: एकच साखळी, स्वतःला तीनदा ओलांडून बंद झालेली. नागसेन मोबाइलवर त्या चित्रावरून बोट फिरवत राहिले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा फिरून सुरुवातीच्या जागी आले. कलावती ड्युटीवरून आल्यावर संघरत्नाने ते तिलाही दाखवलं आणि त्या सोमवारच्या फटकन बोलण्याबद्दल माफी मागितली. "चल, जेवायला घे," कलावती म्हणाली.

संघरत्नाच्या प्रबंधात कड्यावरच एक सबंध प्रकरण आहे. फसलेल्या कामाला एवढी पानं कशाला, असं परीक्षकांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पुढच्याचे दिवस वाचावेत म्हणून." आता ती भिवंडीच्या एका कॉलेजात शिकवते. तिथे तसली यंत्रं नाहीत. म्हणून शनिवारी सरांच्या प्रयोगशाळेत जाते. पाचदा ओलांडणारी गाठ बांधायची आहे. अजून पडलेली नाही.