तव्यावरचं जकार्ता

मागच्या रविवारी जुळे सोलापुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात आशिया खंडातली मोठमोठी शहरं एकेक करून भाजली गेली... नीट सांगते.

माझी नात सई आठवीत आहे. सोमवारी तिच्या शाळेत प्रदर्शन होतं आणि तिला विषय मिळाला होता, आशियातल्या महानगरांच्या लोकसंख्येची तुलना. परीक्षकांपुढे एकटीने उभं राहून बोलायची तिची पहिलीच वेळ. दोन दिवस पोरगी धड जेवत नव्हती.

मी भूगोल घेऊन बी.ए. झाले त्याला आता जमाना झाला, पण तक्त्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी लगेच नियम घालून दिले. यादी एकच धरायची, कारण जकार्ता मोठं की टोकियो यावर याद्यांचंच एकमत नाही. शहर म्हणजे भोवतालच्या वस्तीसकट शहर... मुंबई म्हटली की ठाणे-कल्याण आलंच. प्रत्येक शहराचं एक वर्तुळ, आणि लोक दुप्पट तर वर्तुळ दुप्पट रुंद.

शेजारी आपलं सोलापूरही लावायचं, ही सईची कल्पना. झालं काय, सोलापूर टिकलीएवढं आणि जकार्ता परातीएवढं. "आजी, जकार्ता जरा जास्तच मोठं दिसतंय का गं?" सईने विचारलं होतं. "आकड्याप्रमाणे आहे. पुढचं काप," मी म्हटलं. विषय संपला.

रविवारी सकाळी मोहोळहून माझी नणंद आली. मी त्यांना वन्सं म्हणते. तक्त्यापुढे उभ्या राहून त्यांनी चष्मा पुसला.

"वहिनी, हे सोलापूर हाय का माशी बसलीय?"

"लोकं कमी आहेत, वन्सं."

"मग आमचं मोहोळ धरा की त्यात. जरा अंग तरी भरंल."

मी शहराला लागून असलेल्या होटगीपर्यंत जायला तयार होते. मोहोळ बसणार नाही, असं स्पष्ट सांगितलं.

दुपारी भाकऱ्या करायला बसले. वन्संना पित्ताचा त्रास, म्हणाल्या, मला निम्मीच थापा. मी एका भाकरीचा गोळा मोडला, निम्मा बाजूला ठेवला आणि उरलेला थापला.

"निम्मी म्हणाले होते की वो मी."

"निम्मंच पीठ घेतलंय..." असं मी म्हणाले आणि माझा हात तिथेच थांबला.

पीठ निम्मं होतं, पण भाकरी निम्मी रुंद नव्हती. चांगली पाऊण भरत होती. म्हणजे उलट धरलं तर रुंदी दुप्पट करायला पीठ चौपट लागणार... आणि तक्त्यावर, जिथे दुप्पट माणसं राहतात तिथे मी चौपट जागा देऊन बसले होते. जकार्ताचं तर विचारायलाच नको.

"वहिनी, तव्यावरची करपली," वन्संनी कळवलं.

सईला सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कात्री खाली ठेवली. "मी उद्या जाणारच नाही," म्हणाली. वर्तुळं तक्त्यावर घट्ट चिकटवलेली, जाड रंगीत कागद संपलेला, रविवार असल्याने कोपऱ्यावरचं दुकान बंद. डोळे भरून आले तिचे.

वन्सं म्हणाल्या, "भाकऱ्याच न्या की. पीठ हितं हाय, तवा हितं हाय. रडून काय शहर लहान व्हतंय व्हय?"

मग सुरू झालं. सईने यादी पुढ्यात घेऊन शहरागणिक पीठ काट्यावर तोललं. सोलापूरला जेमतेम चमचाभर आलं. मी मळलं, वन्संनी थापलं. जाडी सगळ्यांची सारखी हवी, नाहीतर पुन्हा तीच चूक.

"ढाका जाड झालंय, वन्सं. परत थापा."

"तुमी शेकताय तेवढं शेका."

पहिलं जकार्ता उलथताना मधोमध मोडलं. दुसऱ्यांदा दोन उलथणी लावून तिघींनी मिळून ते उलटलं, तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा सई हसली. सगळी शहरं मंद आचेवर वाळवून कडक केली. कडक भाकरी कशी करायची, हे काही सोलापुरात कुणाला शिकवावं लागत नाही.

सोमवारी मी वर्गात मागे उभी होते. सईने टेबलावर भाकऱ्या मांडल्या आणि बाजूला तो चुकलेला तक्ताही लावला. हे तिने मला सांगितलं नव्हतं. "हा तक्ता आजीने आणि मी केला. हा चुकलाय," ती परीक्षकांना म्हणाली. पहिल्या वाक्याला आवाज कापत होता. मग तिने पिठाचा गोळा घेतला, निम्मा केला, थापून दाखवला... आणि पुढे आवाज कापला नाही. परीक्षकबाईंनी सोलापूर उचललं आणि जकार्तावर ठेवून पाहिलं.

बक्षीस मिळालं नाही. पहिलं बक्षीस ज्वालामुखीने नेलं. तो खरोखरचा धूर सोडत होता, त्याच्यापुढे भाकरीचं काय चालणार... पण मधल्या सुट्टीत शेंगाचटणीबरोबर मुलांनी अख्खा आशिया फस्त केला. ज्वालामुखीला कुणी हात लावला नाही, असं सईने घरी आल्या आल्या सांगितलं.

डब्यात मात्र एक शहर शिल्लक होतं. "हे तुम्हा दोघींसाठी ठेवलं," म्हणत तिने सोलापूर माझ्या हातावर ठेवलं. मी त्याचे तीन तुकडे केले.

"मोहोळ धरलं असतं तर पोट तरी भरलं असतं," वन्सं तुकडा चघळत म्हणाल्या.

सई त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवली. आभार कुणाचे मानायचे म्हणाल, तर वन्संच्या पित्ताचे मानते. त्यांनी पूर्ण भाकरी मागितली असती, तर माझा तक्ता बरोबरच आहे असं मी आजही ठासून सांगत असते.